पाहुणा चालेल, बिऱ्हाडकरू नको

वायव्य वेल्समधले डोंगर काही फार उंच नाहीत. पावसात भिजलेले, हिरवे-करडे, उतारावर मेंढ्या. पण त्यांच्याइतक्या तऱ्हेतऱ्हेच्या भूमिका ब्रिटिश सिनेमात फार थोड्या नटांना मिळाल्या असतील. 1938 मध्ये ‘द ड्रम’साठी हार्लेकच्या परिसरात ते हिंदुस्थानची वायव्य सरहद्द झाले. 1958 च्या ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’साठी बेडगेलर्टजवळ त्यांच्या कुशीत अख्खं चिनी गाव उभं राहिलं. 1968 मध्ये ‘कॅरी ऑन अप द खायबर’ या वात्रट विनोदपटात ते खैबरखिंड बनले. तीस वर्षांत वेल्सने निम्म्या आशियाचं सोंग घेतलं आणि प्रेक्षकांनी ते हसत मान्य केलं.

डोंगरांचं एक वेळ ठीक आहे. सिनेमा म्हणजे सोंगच. दगडाला कुठे जात-पात असते? पण त्या चिनी गावात माणसं कोण होती? मँडरिन, म्हणजे चिनी अंमलदार, झाला होता मँचेस्टरचा रॉबर्ट डोनाट. चिनी फौजेतला कर्नल होता जर्मन नट कुर्त युर्गन्स. आणि नायिकेच्या, म्हणजे इन्ग्रिड बर्गमनच्या मागे रांगेने डोंगर ओलांडणारी अनाथ मुलं मात्र खरीच चिनी वंशाची होती. ती लिव्हरपूलच्या चिनी वस्तीतून आणली होती. म्हणजे चिनी माणूस शोधायला चीनला जायची गरज नव्हती, तो शेजारच्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. गर्दीला तो चालला. मोठी भूमिका द्यायची वेळ आली तेव्हा रंगपेटी उघडली गेली.

विसाव्या शतकाच्या मध्यावरचा ब्रिटिश सिनेमा पाहताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं. हा काही किरकोळ सिनेमा नव्हे. 1946 या एका वर्षात ब्रिटनमध्ये सुमारे 163 कोटी तिकिटं विकली गेली. लोकसंख्या होती पाच कोटींच्या आतबाहेर. देश स्वतःचा चेहरा दर आठवड्याला या आरशात पाहत होता. त्या आरशात कोण दिसत होतं आणि कोण नव्हतं, याचा हिशेब आज मांडला जातो तेव्हा बहुधा चेहरे मोजले जातात: काळे किती, आशियाई किती, स्त्रिया किती. मोजावेत, पण तेवढ्याने भागत नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. गोष्ट संपताना तो माणूस कुठे असतो? घरात, की दाराबाहेर? या सिनेमाने परक्याला पाहुणा म्हणून पुष्कळदा आत घेतलं, त्याचं कौतुकही केलं. बिऱ्हाडकरू म्हणून मात्र त्याला जागा दिली नाही.

सुरुवात आपल्या माणसापासून करू. म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा साबू. रॉबर्ट फ्लाहर्टीच्या ‘एलिफंट बॉय’मधून 1937 मध्ये तो पडद्यावर आला आणि निर्माता अलेक्झांडर कोर्डाने त्याला इंग्लंडमध्ये तारा केलं. ‘द ड्रम’मध्ये साबू इंग्रजांशी इमान राखणारा राजपुत्र अझीम, तर दगाबाज राजपुत्र घूल झाला तोंडाला रंग लावलेला कॅनेडियन रेमंड मॅसी. इमानी हिंदी माणूस खरा आणि बेइमान हिंदी माणूस रंगवलेला! हा चित्रपट मुंबईत लागला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि त्याचे खेळ बंद करावे लागले. ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांनी अशा साम्राज्यवादी चित्रपटांविरुद्ध आपल्या जहाल लेखणीने मोहीमच उघडली होती. प्रतिनिधित्वाचा वाद हे आजचं फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांनी 1938 ची मुंबई आठवावी.

नऊ वर्षांनी पॉवेल आणि प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीच्या ‘ब्लॅक नार्सिसस’मध्ये साबू पुन्हा राजपुत्र झाला. हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी त्याच्या रंगांनी दिपून गेलो आहे. हिमालयातल्या एका जुन्या राजवाड्यात इंग्रज जोगिणी मठ काढतात आणि तिथला वारा, उंची, एकांत त्यांना हळूहळू वेड लावतो. हा हिमालय सगळा इंग्लंडमधला. पाइनवुड स्टुडिओत काचेवर रंगवलेली शिखरं आणि ससेक्समधल्या एका बागेतली झाडी. कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंग आणि छायालेखक जॅक कार्डिफ या दोघांना त्यासाठी ऑस्कर मिळालं, आणि ते रास्तच होतं.

आता जवळून पाहू. कांची नावाची स्थानिक मुलगी झाली आहे जीन सिमन्स. अठराच्या आसपासची गोरी इंग्रज मुलगी; अंगाला तपकिरी रंग, नाकात नथनी. तिच्या तोंडी एक वाक्य नाही. ती फळ खाते, नाचते, डोळ्यांनी खुणावते, मार खाते. मागच्या गर्दीत लंडनच्या गोदीत काम करणारे आशियाई लोक उभे आहेत. आणि चित्रपटाला ज्यावरून नाव मिळालं ते साबूच्या रुमालाचं अत्तर? ते तो लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून मागवतो. पूर्वेचा म्हणून जो गंध जोगिणींची डोकी फिरवतो, तो लंडनच्या दुकानातला! पॉवेल-प्रेसबर्गर बिलंदर होते. त्यांना हे कळत होतं. आपण जे ‘हिंदुस्थान’ म्हणून दाखवतो ते आपल्याच डोक्यातलं आहे, याची कबुली त्या अत्तराच्या बाटलीत आहे. शेवटी पावसाळा सुरू होताना जोगिणी सामान बांधून निघून जातात. चित्रपट 1947 चा. ऑगस्टमध्ये काय झालं ते सांगायला नको.

पण कबुली देणं निराळं आणि कांचीला आवाज देणं निराळं. चित्रपट मोठा असूनही हे माप त्याला लावलंच पाहिजे, आणि ते लावल्याने त्याचं मोठेपण कमी होत नाही.

याच दोघांच्या 1946 च्या ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’मध्ये स्वर्गात खटला चालतो. इंग्रज वैमानिकाविरुद्ध वकील अमेरिकन (तोच रेमंड मॅसी) आणि पंच निवडलेले इंग्रजांनी दुखावलेल्या जगातून: फ्रेंच, बोअर, रशियन, चिनी, आयरिश आणि एक पंजाबी. साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांत लोकप्रिय चित्रपटाने एवढं करावं हे धाडसच. पण लगेच बचावाचा वकील सगळे पंच बदलून मागतो आणि त्यांच्या जागी अमेरिकन नागरिक बसतात. ज्यांची तक्रार होती त्यांना खुर्ची मिळाली, निकालाचा हक्क मात्र मिळाला नाही.

जे गोऱ्या कातडीत लपू शकत होते त्यांची कथा आणखी वेगळी. मर्ल ओबेरॉन 1911 मध्ये मुंबईत जन्मली, अँग्लो-इंडियन घरात. 1933 च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये कोर्डाने तिला राणी अॅन बोलिन केलं, पुढे तिच्याशी लग्नही केलं. जगाला सांगितलं गेलं की बाई टास्मानियाच्या. तिला वाढवणाऱ्या सावळ्या शार्लटची ओळख घरची मोलकरीण म्हणून करून दिली जाई. 1979 मध्ये मरेपर्यंत तिने हा पडदा सांभाळला. म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश सिनेमात मुंबईची मुलगी अग्रभागी होती. अट एकच, तिने मुंबईचं नाव काढायचं नाही.

मग 22 जून 1948 ला ‘एम्पायर विंड्रश’ हे जहाज टिलबरी बंदराला लागलं. वेस्ट इंडीजमधून आलेली ही माणसं राणीबागेतले प्राणी नव्हती की राजपुत्र नव्हती. ती ब्रिटिश प्रजाजन होती आणि कामाला, राहायला आली होती. आता दूरच्या देशाचं सोंग पुरणार नव्हतं. गोष्ट गल्लीत येऊन उभी राहिली होती.

तिची पहिली मोठी दखल ईलिंग स्टुडिओने घेतली, बॅसिल डिअर्डन दिग्दर्शित ‘पूल ऑफ लंडन’मध्ये, 1951 साली. जमैकन खलाशी जॉनी झाला अर्ल कॅमेरॉन. हा मूळचा बर्म्युडाचा. 1939 मध्ये जहाजावरून लंडनला आलेला, हॉटेलात भांडी विसळताना नाटकात एक जागा रिकामी झाली म्हणून रंगमंचावर चढलेला. चित्रपटात जॉनीची ओळख पॅट नावाच्या गोऱ्या मुलीशी होते. रविवारी दोघं लंडनभर फिरतात, सेंट पॉलचं कॅथीड्रल पाहतात, ग्रिनिचला जातात. ना चुंबन, ना मिठी. फक्त दोन माणसांमध्ये बोलणं सुरू झाल्यावर जो संकोच असतो तो. कॅमेरॉन इतका हळुवार खेळतो की भोवतालची चोरीची भानगड नीरस वाटू लागते. ब्रिटिश पडद्यावरचा काळ्या-गोऱ्यांमधला हा पहिला कोवळा बंध मानला जातो. मग काय होतं? जहाज सुटतं. जॉनी परत जातो.

दहा वर्षांनी टोनी रिचर्डसनच्या ‘अ टेस्ट ऑफ हनी’त (1961) सॅलफर्डच्या शाळकरी जोला एक काळा तरुण भेटतो. जिमी. गोड स्वभावाचा, पॉल डांक्वाने साकारलेला. तोही खलाशी. तोही जातो. जोच्या पोटात त्याचं मूल असतं आणि तिचा सांभाळ करायला जेफ्री नावाचा समलिंगी मित्र येतो. चित्रपट अप्रतिम आहे, शीला डेलेनीच्या नाटकातली खारट-गोड चव त्यात पुरेपूर उतरली आहे. पण दोन्ही चित्रपटांतला काळा माणूस खलाशीच असावा, हा योगायोग नाही. खलाशाचं एक सोयीचं असतं. त्याला खोली द्यावी लागत नाही.

आणि जो जाऊ शकत नाही त्याचं काय? 1958 मध्ये नॉटिंगहॅम आणि लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये दंगली झाल्या. पुढच्याच वर्षी डिअर्डन आणि निर्माता मायकेल रेल्फ यांनी जॅनेट ग्रीनच्या पटकथेवर ‘सफायर’ काढला. हॅम्पस्टेड हीथवर एका तरुणीचं प्रेत सापडतं. गोरी, नीटनेटकी, संगीताची विद्यार्थिनी. पोलीस निरोप धाडतात आणि बर्मिंगहॅमहून तिचा भाऊ येतो. दार उघडतं, डॉक्टर रॉबिन्स आत येतात; ते काळे आहेत. पुन्हा अर्ल कॅमेरॉन. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटतं, तिथे चित्रपट खऱ्या अर्थाने सुरू होतो. कारण त्यानंतर साक्षीदार, शेजारी, घरमालकीण, ज्याला-त्याला ही एकच बातमी कळते आणि प्रत्येकाचा आवाज बदलतो. खून कुणी केला यापेक्षा कुणाचा आवाज कधी बदलला, हा यातला खरा तपास. खुनी निघते ती मुलीच्या होणाऱ्या सासरची, सभ्य गोऱ्या घरातली बाई. वर्षातला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट म्हणून त्याला ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक मिळालं.

पण हाच चित्रपट एका ठिकाणी स्वतःच पाय घसरून पडतो. पोलिसांना तिच्या साध्यासुध्या लोकरी पेहरावाआड भडक लाल पेटिकोट सापडतो, आणि आत दडलेलं ‘रक्त’ जणू त्या लाल कापडातून बोलतं. पुढे एका क्लबात त्यांना सांगितलं जातं की गोऱ्या दिसणाऱ्या अशा मुली ढोल ऐकला की ओळखू येतात. कॅमेरा लगेच ठेका धरणाऱ्या पायांवर जातो. वर्णद्वेषाचा निषेध करायला निघालेला चित्रपट वर्णद्वेषाचाच सिद्धांत ढोलाच्या तालावर सिद्ध करू पाहतो. आणि सफायर स्वतः? पहिल्या दृश्यात ती मेलेली आहे. शीर्षक तिचं, चित्रपट तिचा, पण तिला बोलायची मुभा नाही. शिवाय ती झाली आहे गोरी नटी.

याच त्रिकुटाने, म्हणजे डिअर्डन, रेल्फ आणि ग्रीन यांनी (ग्रीनसोबत या वेळी जॉन मॅकॉर्मिक होता) दोन वर्षांनी ‘व्हिक्टिम’ काढला. त्या काळी पुरुषांमधला समलिंगी संबंध ब्रिटनमध्ये गुन्हा होता आणि ब्लॅकमेल करणाऱ्यांचं त्यावर पोट चालत असे. वुल्फेंडन समितीने 1957 मध्ये हा कायदा बदलायची शिफारस केली होती, सरकार चालढकल करत होतं. रँक कंपनीचा लाडका देखणा नायक डर्क बोगार्ड याने नामांकित बॅरिस्टर मेलव्हिल फारची भूमिका घेतली. स्वतःची बदनामी पत्करून ब्लॅकमेलरांना कोर्टात खेचणारा माणूस. सेन्सॉरने ‘एक्स’ प्रमाणपत्र दिलं. 1967 मध्ये इंग्लंड-वेल्सपुरता कायदा बदलला, आणि लोकमत तयार करण्यात या चित्रपटाचा वाटा होता असं आजही मानलं जातं.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहा. हात तेच, तळमळ तीच, रहस्यकथेचा साचाही तोच. पण समलिंगी माणसाला नायक मिळाला, काळ्या मुलीला प्रेत मिळालं. का? मेलव्हिल फार हा साहेब होता. उच्चार साहेबी, घर साहेबी, काचेची तावदानं, देखणी बायको. प्रेक्षक त्याच्या खुर्चीत बसू शकत होता. सफायरच्या खुर्चीत बसायला त्याला अजून धीर नव्हता. या सिनेमाची सहानुभूती खरी होती, पण ती कातडी आणि उच्चार पाहून वाटली जात होती.

‘फ्लेम इन द स्ट्रीट्स’ (1961, दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर) या बाबतीत जास्त प्रामाणिक निघतो. जॉन मिल्स कामगार पुढारी. कारखान्यात काळ्या सहकाऱ्याला फोरमनची बढती मिळावी म्हणून तो सभेत झुंजतो आणि जिंकतो. त्याच दिवशी कळतं, आपल्या मुलीला काळ्या शिक्षकाशी लग्न करायचं आहे. सभेतलं तत्त्व उंबरठ्यावर अडखळतं. हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. व्यासपीठावर समतेचं भाषण ठोकून घरी येणारा आणि मुलीच्या लग्नात जात काढणारा गृहस्थ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. पण इथेही कथा कुणाची? बापाची. काळा जावई त्या बापाची परीक्षा घ्यायला आलेला पेपर आहे.

स्त्रियांची गोष्ट थोडक्यात, कारण ती थोडक्यात संपवली गेली. म्युरिएल बॉक्स हिला ‘द सेव्हन्थ व्हेल’च्या पटकथेसाठी नवरा सिडनीबरोबर ऑस्कर मिळालं, पुढे तिने डझनभर चित्रपट दिग्दर्शित केले, त्यात महिला पोलिसांवरचा ‘स्ट्रीट कॉर्नर’ (1953). जिल क्रेगीने ‘टु बी अ वुमन’ (1951) मध्ये समान वेतनाची मागणी केली. अशी नावं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. आणि 1962 मध्ये जगाने डोक्यावर घेतलेल्या, पावणेचार तासांच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त एकाही बाईला बोलायला एक वाक्य नाही.

‘लॉरेन्स’चं नाव निघालंच आहे तर त्याच्या दिग्दर्शकाकडे वळू. डेव्हिड लीनने अॅलेक गिनेसला तीनदा परक्या वंशाचं सोंग दिलं. 1948 च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तो लांब नाकाचा ज्यू फॅगिन झाला. हिटलरला जाऊन चार वर्षंही झाली नव्हती. बर्लिनमध्ये निदर्शनं झाली आणि अमेरिकेत हा चित्रपट काटछाट होऊन 1951 मध्येच लागू शकला. ‘लॉरेन्स’मध्ये तो अरब राजपुत्र फैसल. आणि 1984 मध्ये, एवढा काळ उलटल्यावर, ‘अ पॅसेज टु इंडिया’त प्रोफेसर गोडबोले. मूळ कादंबरीचा लेखक फॉर्स्टर याने देवासच्या मराठी दरबारात नोकरी केली होती. गोडबोले हा त्या कादंबरीतला दक्षिणी ब्राह्मण. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ आहेत. म्हणजे हिंदी नटांची वाण नव्हती. तरी गोडबोल्यांसाठी इंग्रज नटाला तपकिरी रंग लावला. गिनेस थोर नट होता. म्हणूनच ते पाहताना जास्त अवघडल्यासारखं होतं.

पुण्याची एक स्वारीही याच रांगेत आहे. ‘नाइन अवर्स टु रामा’ (1963) मध्ये नथुराम गोडसे झाला जर्मन होर्स्ट बुखोल्ट्स. दिग्दर्शक मार्क रॉब्सन, वेल्समध्ये चीन उभा करणाराच. गांधी मात्र भारतीय नटाने केले. संत खरा आणि खुनी रंगवलेला. ‘द ड्रम’चा हिशेब पंचवीस वर्षांनी तसाच. भारतात या चित्रपटावर बंदी आली, पण ती नटाच्या कातडीसाठी नव्हे.

इथे आपण फार ताठ बसायचं कारण नाही. 1946 मध्ये शांतारामबापूंनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. सोलापूरच्या डॉक्टरांची ही खरी गोष्ट. त्यांची चिनी पत्नी झाली जयश्री आणि चिनी सेनानी झाले बाबूराव पेंढारकर. मुंबई-कोलकात्यात तेव्हाही चिनी वस्त्या होत्या. फरक आहे तो सत्तेचा: चीनवर आपलं राज्य नव्हतं आणि तो चित्रपट मैत्रीचा होता. पण रंगपेटी आपल्याही घरात होती, हे विसरून चालणार नाही.

शेवटी बिऱ्हाडकरूंनी स्वतःच कॅमेरा हाती घेतला. ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’त भूमिका केलेला दक्षिण आफ्रिकन निर्वासित लायनेल न्गकाने याने 1966 मध्ये ‘जेमिमा अँड जॉनी’ काढला. अर्ध्या तासाचा, कृष्णधवल. नॉटिंग हिलमध्ये दोन पोरं, जमैकन मुलगी आणि गोरा मुलगा, हातात हात घालून गल्ल्यांतून भटकतात. मुलाचा बाप काळ्यांविरुद्ध चळवळ करतो आहे. व्हेनिसला या चित्रपटाला पारितोषिक मिळालं. यात कुणी परीक्षेचा पेपर नाही, कुणाचं जहाज सुटत नाही. ही मुलगी याच गल्लीची आहे, एवढंच चित्रपट सांगतो. आणि 1976 मध्ये त्रिनिदादहून आलेल्या होरेस ओव्हेचा ‘प्रेशर’ आला, काळ्या दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा ब्रिटिश चित्रपट. ‘विंड्रश’ लागल्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती.

हे जुने चित्रपट पुसून टाकावेत असं मला वाटत नाही. ‘ब्लॅक नार्सिसस’ आणि ‘पूल ऑफ लंडन’ पुन्हा पाहावेत, मोठ्या पडद्यावर मिळाले तर उत्तमच. फक्त पाहताना नजर अधूनमधून नायकावरून काढून कडेला न्यावी. चित्रपटाने ज्याला बोलू दिलं नाही, तो बहुधा तिथेच उभा असतो.

अर्ल कॅमेरॉन 2020 मध्ये, 102 व्या वर्षी इंग्लंडमध्ये वारला. 2006 च्या ‘द क्वीन’मध्ये तो पहिल्याच दृश्यात दिसतो. राणी पोशाख करून बसली आहे, आणि समोर हा म्हातारा चित्रकार तिचं चित्र रंगवतो आहे.